एफटी-१०१ई मध्ये फायनल ट्यूब सारख्या जातायत? आधी हे बघा, मग ६१४६ बसवा

मंडळी, हा प्रश्न वर्षातून चार वेळा तरी कोणीतरी विचारतंच. "जुना याएसू एफटी-१०१ई मिळाला, रिसिव्हर मस्त चालतो पण पॉवर येत नाही, फायनल ट्यूब कुठे मिळतील?" किंवा याच्यापेक्षा वाईट, "बाहेरून नवीन जोडी मागवली, पंधरा दिवस चालली, परत तेच." म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय. एफटी-१०१ई म्हणजे याएसू कंपनीचा जुना हॅम रेडिओ सेट (आपल्या भाषेत रिग), आणि फायनल म्हणजे त्यातल्या शेवटच्या, पॉवर देणाऱ्या दोन ट्यूब. हे १०१बी, १०१ई, १०१ईई, १०१ईएक्स यांना लागू आहे, म्हणजे ज्यात फायनलला ६जेएस६सी ची जोडी आहे ते रिग. झेड आणि झेडडी वाल्यांनी हे वाचून उगाच डबा उघडू नका, तुमच्यात कंपनीनेच ६१४६बी दिल्यात.

आधी ही ट्यूब मिळत का नाही ते. ६जेएस६सी ही मुळात रेडिओची ट्यूबच नाही, ती रंगीत टीव्हीच्या हॉरिझॉन्टल आउटपुटसाठी बनवलेली स्वीप ट्यूब. अमेरिकेत आणि जपानमध्ये ट्यूबवाले रंगीत टीव्ही होते तोवर ही लाखांनी बनत होती, म्हणून स्वस्त होती, म्हणून रिगवाल्यांनी उचलली. टीव्ही ट्रान्झिस्टरवर गेले आणि कारखाने बंद झाले. आपल्याकडे रंगीत टीव्ही आला १९८२ ला, एशियाडच्या वर्षी, तोपर्यंत ट्यूबचा जमाना संपलेला होता, त्यामुळे भारतात ही ट्यूब दुकानात पडून राहण्याएवढी कधी आलीच नाही. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत फिरून काही उपयोग नाही, चप्पल झिजेल फक्त. जे काय मिळतं ते परदेशातला जुना न वापरलेला स्टॉक, त्यातही अर्ध्या वेळा कोणीतरी दुसऱ्या रिगमधून काढून पुसून विकलेलं.

आता माझं स्पष्ट मत आधीच सांगतो. ट्यूब जातात त्यातल्या बऱ्याच वेळा ट्यूबचा दोष नसतो, रिग त्यांना मारत असतो. ते कारण शोधल्याशिवाय ६जेएस६ टाका नाहीतर ६१४६ टाका, पैसे पाण्यात. म्हणून मॉडिफिकेशनचा भाग खाली आहे, तिथे थेट उडी मारू नका.

आणि एक गोष्ट, ट्यूब रिगवर कधी काम केलं नसेल त्यांच्यासाठी. फायनलच्या प्लेटवर (ट्यूबच्या पॉझिटिव्ह टोकावर) साधारण ६०० व्होल्ट डीसी असतात आणि मागे मोठे इलेक्ट्रोलिटिक असतात. रिग बंद केला म्हणजे ते संपले असं नाही. मेनची पिन भिंतीतून काढायची, दोन-चार मिनिटं थांबायचं, मग १ के १० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर नीट इन्सुलेट केलेल्या वायरीने लावून डिस्चार्ज करायचं, मग मीटरने शून्य आहे हे बघायचं, आणि तरीही एक हात खिशात ठेवायचा. थेट स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून फाट्टकन आवाज काढणारे लोक आहेत, कॅपॅसिटर आणि रेक्टिफायर डायोड दोघांना तो प्रकार आवडत नाही.

तर पहिली गोष्ट, एकदम बाळबोध वाटेल पण याच्यापायी चांगल्या ट्यूब फेकल्या गेल्यात. रिगच्या मागे ॲक्सेसरी सॉकेट असतं आणि त्यात एक मोकळा वाटणारा प्लग बसवलेला असतो. त्या प्लगच्या आत पिन १ आणि २ मध्ये जंपर आहे आणि फायनलच्या हीटरचा करंट त्या जंपरमधून जातो. ट्रान्सव्हर्टर (दुसऱ्या बँडवर नेणारा जोडडबा) लावताना फायनल थंड ठेवता याव्यात म्हणून कंपनीने तशी सोय केली होती. सेकंडहँड रिगमध्ये हा प्लग हमखास हरवलेला असतो. मग रिसिव्ह चालतं, ड्रायव्हर (फायनलच्या आधीची ट्यूब) चालतो, फायनल काळ्याठिक्कर, आणि विकणारा म्हणतो ट्यूब गेल्यात. आधी डब्याच्या जाळीतून बघा, दोन्ही ट्यूब पेटल्यात का. दोन्हींचे हीटर सिरीजमध्ये आहेत, ६.३ अधिक ६.३, कारण हा रिग गाडीच्या १२ व्होल्टवर पण चालावा अशी त्याची रचना होती. त्यामुळे एकीचं फिलामेंट तुटलं तरी दोन्ही विझतात. म्हणजे "दोन्ही एकदम गेल्या" हे वाक्य ऐकलं की पहिला संशय प्लगवर, दुसरा एकाच ट्यूबवर.

दुसरं, मेन व्होल्टेज. या रिगच्या ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला १००, ११०, ११७, २००, २२० आणि २३४ असे टॅप निघतात. जपानी बाजारातला रिग असेल तर १०० वर, बाकी बहुतेक २२० वर लावलेला सापडतो. आपल्याकडे रात्री, लोड कमी झाला की, २४० सहज येतात, काही गावांत त्याच्याही वर. हिशोब करा, २२० च्या टॅपवर २४० म्हणजे ९ टक्के जास्त, हीटर ६.३ च्या जागी ६.९ च्या आसपास, प्लेट ६०० च्या जागी साडेसहाशे. ट्यूब लगेच मरत नाही, पण कॅथोडचं (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाचं) आयुष्य झपाट्याने खाल्लं जातं आणि मालकाला वाटतं की ट्यूबच खराब लागली. टॅप २३४ वर घ्या. प्रायमरीच्या वायरी सोल्डर करायच्या आहेत, अर्ध्या तासाचं काम आहे. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून १०० वर चालवणाऱ्यांनी त्या स्टेप-डाउनचं आउटपुट लोडवर मोजा, डब्यावर काय छापलंय ते बघू नका.

तिसरं, आणि हेच बहुतेक वेळा खरं गुन्हेगार निघतं. १२बीवाय७ए ड्रायव्हरच्या प्लेटपासून फायनलच्या ग्रिडपर्यंत (करंट आवरणाऱ्या जाळीपर्यंत) जाणारा कपलिंग कॅपॅसिटर. त्याच्या एका बाजूला जवळपास ३०० व्होल्ट पॉझिटिव्ह, दुसऱ्या बाजूला फायनलची निगेटिव्ह बायस, म्हणजे ग्रिडवरचं स्थिर व्होल्टेज. पन्नासेक वर्षांचा हा कॅपॅसिटर किंचित जरी लीक व्हायला लागला की ग्रिडची बायस पॉझिटिव्हकडे सरकते, आयडलिंग करंट (सिग्नल नसतानाचा) वाढतो, ट्यूब तापते, तापली की अजून वाढतो, आणि एखाद्या लांबलेल्या क्यूएसओ मध्ये, म्हणजे रेडिओवरच्या गप्पांत, प्लेट लालभडक होते. लक्षण असं दिसतं: मीटर आयसी वर (म्हणजे फायनलचा करंट, चिप नव्हे) ठेवा, माइक गेन पूर्ण खाली, ट्रान्समिटवर जा, बायस पॉटने ६० मिलिअँपिअर लावा. हे दोघांचं मिळून आहे. मग रिग तापू द्या आणि अधूनमधून परत बघा. ६० चे ७०, ७० चे ९० असे सरकत गेले तर एकतर कॅपॅसिटर लीक आहे नाहीतर एखादी ट्यूब गॅसी (आत गॅस झालेली) आहे. कोणतं ते कळायला कॅपॅसिटरची ग्रिडकडची बाजू सोल्डर काढून मोकळी करा, मोकळं टोक आणि चासी यांच्यात डिजिटल मीटर लावा, झाकण नीट ठेवून, हात लांब ठेवून चालू करा. चांगला कॅपॅसिटर असेल तर सुरुवातीला आकडा उडून शून्याकडे येतो. काही व्होल्टवर जाऊन तिथेच बसला तर तो फेकून द्या. जागी त्याच व्हॅल्यूचा १ केव्ही चा सिल्व्हर माइका किंवा चांगला सी०जी सिरॅमिक. स्वस्तातला पिवळा डिस्क टाकू नका, त्याची व्हॅल्यू गरम झाली की पळते. रिग कितीही छान चालत असला तरी हा एक कॅपॅसिटर मी डोळे झाकून बदलतो.

याच्याबरोबर फायनलच्या डब्यातले कार्बन रेझिस्टर मोजून घ्या. प्लेट कॅपजवळ जे छोटे कॉइल गुंडाळलेले पॅरासिटिक सप्रेसर असतात त्यांच्या आतला रेझिस्टर कधी कधी दुप्पट झालेला सापडतो, कधी चक्क ओपन. कॉइलमुळे मीटरला तो शॉर्टच दिसणार, एक टोक सोडवून मोजा. बदलायचा तर कार्बन किंवा मेटल ऑक्साइड, वायरवाउंड अजिबात नाही, वायरवाउंड म्हणजे स्वतःच एक कॉइल.

कोकणपट्टी आणि मुंबई-गोव्याकडच्या लोकांसाठी थोडं वेगळं. खाऱ्या दमट हवेत या रिगचं दुखणं फायनलच्या आधीच सुरू होतं. बोर्ड सगळे एज कनेक्टरमध्ये खोचलेले आहेत आणि त्यांची बोटं, म्हणजे कडेच्या धातूच्या पट्ट्या, काळी पडतात. पॉवर कधी येते कधी नाही, टेबलावर थाप मारली की येते, अशी लक्षणं असतील तर ट्यूबला हात लावायच्या आधी एकेक बोर्ड काढून बोटं पांढऱ्या खोडरबरने हलकी घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आणि दोन-तीनदा आत-बाहेर करा. रिलेचंही तेच. ट्रान्समिट करून परत आलात की रिसिव्हर बहिरा, पुन्हा एकदा पीटीटी (बोलायचं बटण) दाबून सोडलं की ठीक, हा शुद्ध रिले कॉन्टॅक्टचा प्रकार आहे. जाड कागदाची पट्टी अल्कोहोलमध्ये भिजवून कॉन्टॅक्टमध्ये धरून ओढायची. पॉलिश पेपर नको, वरचा मुलामा निघून जातो आणि महिन्याभरात आधीपेक्षा वाईट.

आता ड्राइव्ह (फायनलला मिळणारा सिग्नल) आहे का ते बघायची सोपी युक्ती. ट्यूनवर ठेवून प्रीसिलेक्टर पीक करा. आयसी आयडलिंगच्या वर फारसा उठतच नसेल तर दुखणं ड्रायव्हरमध्ये किंवा त्याच्या आधी आहे, फायनलला दोष देऊ नका. आयसी भरपूर उठतो पण पीओ ला (मीटरवरच्या आउटपुट पॉवरला) काहीच नाही, तर मग फायनल, पाय नेटवर्क (π आकाराचं आउटपुट सर्किट), अँटेना रिले. हे सगळं दहा सेकंदाच्या आत आटपायचं आणि मध्ये तेवढीच विश्रांती द्यायची, डमी लोडवरच (अँटेनाच्या जागी लावायच्या रेझिस्टरवर). ट्यूनवर ठेवून गप्पा मारत प्लेट नॉब फिरवत बसणं हे या ट्यूबच्या मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण असावं असा माझा संशय आहे, पण ते कोणी कबूल करत नाही. १२बीवाय७ए थकली असेल तर ती अजून मिळते, टीव्हीचीच व्हिडिओ ट्यूब. डब्यावर १२बीव्ही७ किंवा १२डीक्यू७ लिहिलं असलं तरी चालते, अमेरिकन कंपन्या तिन्ही नंबर एकाच ट्यूबवर छापायच्या.

हे सगळं तपासून झालं, बायस पॉट टोकाला नेला तरी ६० मिलिअँपिअर येत नाहीत, म्हणजे ट्यूब खरंच संपल्या. इथे दोन रस्ते.

पहिला रस्ता, कुठूनतरी ६जेएस६सी मिळवणं. मिळाल्या तर एक लक्षात ठेवा, कंपनीतून रिग एनईसी च्या जपानी ट्यूबवर सेट होऊन आलेला असतो. अमेरिकन मेकच्या टाकल्या की आतली कपॅसिटन्स वेगळी, न्यूट्रलायझेशन (ट्यूबच्या आतून गळणारा सिग्नल रद्द करणारी जुळणी) बिघडतं. त्याचा ट्रिमर (फिरवायचा छोटा कॅपॅसिटर) टोकापर्यंत फिरवला तरी नल, म्हणजे गळती कमीत कमी होण्याची जागा, मिळत नाही, १० आणि १५ मीटरवर रिग स्वतःच शिट्ट्या मारायला लागतो, ड्राइव्ह शून्य असताना आयसी उडी मारतो, आणि नवी जोडी एका संध्याकाळीत खलास. ट्रिमर टोकाला टेकला याचा अर्थ न्यूट्रलायझिंग सर्किटमधला फिक्स कॅपॅसिटर बदलायला हवा. जोडी एकाच मेकची घ्या, एक एनईसी आणि एक अमेरिकन असं मिश्रण तर नकोच.

दुसरा रस्ता ६१४६बी. ही मुळापासून ट्रान्समिटिंग ट्यूब आहे, झेडडी मध्ये आहे, केनवूडच्या टीएस-५२० आणि ८३० मध्ये आहे, म्हणून अजून बाजारात फिरते. जपानी एस२००१ ही तिचीच बहीण आणि युरोपियन क्यूई०५/४० म्हणजे साधी ६१४६. जुन्या वायरलेस सेटच्या भंगारात पण सापडते. नुसती सॉकेट बदलून काम होत नाही, चार गोष्टी बदलतात.

सॉकेट: ६जेएस६ चं बारा पिनचं कॉम्पॅक्ट्रॉन, ६१४६ चं आठ पिनचं ऑक्टल. जुनी सॉकेट काढून दीड मिलिमीटर ॲल्युमिनियमच्या पट्टीवर सिरॅमिक ऑक्टल बसवा आणि पट्टी चासीला चांगली खरवडून स्क्रूने आवळा, रंगावर आवळली तर आरएफ ग्राउंड मिळत नाही. पिन अशा: २ आणि ७ हीटर, ३ स्क्रीन (दुसरी जाळी), ५ ग्रिड, १-४-६ तिन्ही कॅथोड, ८ मेटलची रिंग, आणि प्लेट डोक्यावर. ८ नंबर थेट चासीला. कॅथोड मात्र थेट चासीला टाकू नका, या रिगमध्ये आयसी मीटर कॅथोडच्या करंटवर चालतो. तिन्ही कॅथोड पिनपासून वेगवेगळा ०.०१ मायक्रोचा डिस्क अगदी आखूड पायांनी चासीला. इथे पाय लांब ठेवले की १० मीटरवर रिग नाचतो. स्क्रीनलाही तसंच. जमलं तर प्रत्येक कॅथोडमध्ये १० ओहमचा एकेक रेझिस्टर घाला, ३० मिलिअँपिअरला ०.३ व्होल्ट दिसतात, म्हणजे दोन्ही ट्यूब सारखा भार घेतायत का हे नुसत्या मीटरने कळतं. एक ट्यूब काढून दुसरीचं बघू म्हणाल तर हीटर सिरीजमध्ये आहेत हे विसरलात. आणि प्लेट कॅप काढून तर अजिबात बघू नका, प्लेट नसली की सगळा करंट स्क्रीन खाते आणि जळते.

हीटर: ६जेएस६ ला २.२५ अँपिअर, ६१४६बी ला १.१२५, म्हणजे बरोबर निम्मा. सिरीज वायरिंग तसंच ठेवायचं. ट्रान्सफॉर्मरवरचा भार कमी झाल्याने व्होल्टेज थोडं चढतं, प्रत्येक ट्यूबवर ६.६ च्या वर जात असेल तर अर्ध्या ओहमच्या आसपासचा वायरवाउंड मध्ये घाला. आणि इथे एक गंमत आहे जी बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. ६८८३बी नावाची ट्यूब म्हणजे ६१४६बी च, फक्त हीटर १२.६ व्होल्ट, ०.६ अँपिअरच्या आसपास. तिच्यावर ८०३२ए असंही लिहिलेलं असतं. बाकीच्या रिगवाल्यांना ती उपयोगाची नाही म्हणून कोणी विचारत नाही आणि स्वस्तात पडून असते. आपल्या रिगमध्ये १२.६ आयतं हजर आहे, दोन्ही हीटर पॅरलल करा, झालं काम. मग एक गेली तरी दुसरी पेटती राहते हा वर फायदा. ६१५९ मात्र घेऊ नका, तिचा हीटर २६.५ चा आहे, दिसायला हुबेहूब तशीच.

स्क्रीन: रिगमध्ये स्क्रीनला १६० व्होल्ट आहेत, ६१४६ ला साधारण २०० आवडतात, कमाल २५०. माझा सल्ला, पहिल्यांदा १६० वरच चालवून बघा. पॉवर कमी येईल पण रिग स्थिर आहे का हे कमी पॉवरवर कळलेलं बरं. नंतर हवंच असेल तर ३०० च्या लाइनवरून ३.३ के १० वॉट आणि खाली १०० व्होल्ट ५ वॉटचे दोन झेनर, १एन५३७८बी, सिरीजमध्ये. झेनर चांगलेच तापतात, चासीपासून थोडे वर उचलून, मोकळ्या हवेत, पाय आखूड ठेवून लावा, इलेक्ट्रोलिटिकला खेटून नको. नुसता रेझिस्टर लावून २०० आणले तर बोलताना स्क्रीन वरखाली होते आणि शेजारच्या फ्रिक्वेन्सीवाले शिव्या घालतात.

न्यूट्रलायझेशन: हेच खरं काम. ६१४६बी ची ग्रिड-प्लेट कपॅसिटन्स पाव पिकोफॅरडच्या आत, ६जेएस६ पेक्षा खूपच कमी, त्यामुळे जुनं सेटिंग शंभर टक्के चुकीचं ठरणार. स्क्रीनचा सप्लाय बंद करा, मागे त्यासाठी स्विच असेल तर तो, नाहीतर वायर सोडवून बाजूला इन्सुलेट करा. १० मीटरवर डमी लोड, अँटेना सॉकेटवर स्कोप किंवा साधा जर्मेनियम डायोडचा आरएफ प्रोब. थोडा ड्राइव्ह द्या, प्रीसिलेक्टर, प्लेट आणि लोड तिन्ही पीक करा, म्हणजे गळून येणारा सिग्नल जास्तीत जास्त दिसेल. मग ट्रिमर फिरवून तोच सिग्नल कमीत कमी करा. परत पीक, परत कमी. प्लास्टिकचा किंवा बांबूचा स्क्रूड्रायव्हर, त्या ट्रिमरवर हाय व्होल्टेज असू शकतं. ट्रिमर सगळ्यात कमीवर नेऊनही नल पुढेच राहिला असेल तर फिक्स कॅपॅसिटरची व्हॅल्यू कमी करा. शेवटी स्क्रीन परत जोडून खात्री: प्लेट फिरवताना आयसी चा डिप आणि पीओ चा पीक एकाच जागी आले पाहिजेत. डिप एकीकडे आणि पीक दुसरीकडे असेल तर अजून झालेलं नाही, "चालतंय की" म्हणून सोडू नका.

पहिल्यांदा चालू करताना बायस पॉट पूर्ण निगेटिव्हकडे, मग हळूहळू ५० मिलिअँपिअर दोघांचं मिळून. ६० पर्यंत न्यायची गरज नाही. प्लेट आणि लोडच्या जुन्या खुणा आता चुकतील कारण ट्यूबला वेगळा लोड हवा, नव्या खुणा मास्किंग टेपवर लिहून चिकटवा. पॉवर ८० ते १०० वॉटच्या मध्ये कुठेतरी येईल. आधी १३० येत होते म्हणून हळहळणाऱ्यांनी हिशोब करा, १३० आणि ९० मधला फरक दीड डीबी च्या थोडा वर, समोरच्याच्या एस मीटरवर (सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या) पाव एस युनिट. कोणाला कळणारही नाही.

"ट्यूबची कटकटच नको, मॉस्फेट टाका" असंही दर वेळी कोणीतरी सुचवतं. आयआरएफ५१० स्वस्त आहे, बिटेक्समुळे (घरी बनवायचा रेडिओ) आपल्याकडे सगळ्यांच्या हातात आहे, मान्य. पण या रिगचं पाय नेटवर्क हजारेक ओहमच्या प्लेटसाठी बनलंय आणि १२ व्होल्टवरचा मॉस्फेट काही ओहमवर काम करतो. म्हणजे फायनल, पाय नेटवर्क, बँड फिल्टर, बायस, सगळं नवीन. तेवढं करायचं तर नवीन रिगच बनवा की, हा डबा कशाला फाडता.

ट्रान्झिस्टरबद्दल थोडक्यात. बोर्डवरचे २एससी३७२, ३७३ हे साधे सिग्नल ट्रान्झिस्टर आहेत, जागी २एन३९०४ किंवा बीसी५४७ बऱ्याच ठिकाणी चालतात, पण पाय जुळत नाहीत. जपानी ई-सी-बी, २एन३९०४ ई-बी-सी, बीसी५४७ सी-बी-ई. पाय वाकवून, स्लीव्ह घालून लावा. २एससी१८१५ मिळाला तर तो सरळ बसतो. आरएफ स्टेजचे ड्युअल गेट मॉस्फेट मात्र जपून हाताळा, सोल्डरिंग आयर्नला अर्थिंग नसेल तर हात लावू नका.

मॉडिफिकेशन झालं की फायनलच्या झाकणाच्या आतून कागद चिकटवा: कोणत्या ट्यूब, हीटर सिरीज की पॅरलल, स्क्रीन किती, आयडलिंग किती, टॅप कोणता. पुढचा माणूस ६८८३ च्या जागी ६१४६ खोचेल आणि पॅरललवर १२.६ देऊन दोन्ही एका मिनिटात उडवेल, म्हणून हीटरची ओळ लाल पेनाने. काही अडलं तर लिहा, पण लिहिताना आयसी आयडलिंगला किती, ट्यूनला किती, पीओ किती आणि मेनला किती व्होल्ट हे चार आकडे द्या, नुसतं "पॉवर येत नाही" वरून कोणालाच काही सांगता येत नाही. ७३ (हॅम लोकांच्या शुभेच्छा).